ज्वारीचा टारफुला आणि वालावरची अमरवेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्यावर किंवा मुलांच्या शिक्षणावर बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र तणावर बोलणार आहे. खुरपणी आजही बहुतेक ठिकाणी बायकांच्याच वाट्याला येते. ती नुसत्या कमरेच्या बळावर न करता थोड्या विचारानेही करावी, एवढाच माझा हेतू.

माझे माहेर सांगलीकडचे, ज्वारीच्या मुलखातले. टारफुला म्हणजे काय, हे तिकडे लहान पोरही सांगेल. शंकर पाटलांनी १९६४ साली आपल्या कादंबरीला हेच नाव दिले, इतका तो शब्द घरोघरचा. वीतभर उंचीचे, बारीक पांढऱ्या फुलांचे हे रोप दिसायला नाजूक. पण ते ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचाच रस पिते. ओल असूनही ज्वारी सुकल्यासारखी दिसते, कणीस भरत नाही. खरी फसगत अशी, की वर दिसण्याआधी कित्येक दिवस ते जमिनीखाली मुळावर पोसलेले असते. आपण खुरपे घेऊन पोचतो तोवर बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. तरीसुद्धा फुलण्यापूर्वी ते उपटावेच. कारण एकेका रोपाला हजारो बिया धरतात, धुळीसारख्या बारीक, आणि त्या दहा-दहा वर्षे मातीत जीव धरून राहतात.

मग ह्या बिया उगवतात तरी केव्हा? तर जवळ मूळ आले, आणि त्यातून पाझरणारे एक द्रव्य त्यांना लागले, की मगच. असे द्रव्य शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वेगळे काढले ते १९६६ साली, आणि गंमत पाहा, ते कापसाच्या मुळांतून! हा टारफुला कापसावर तर जगू शकत नाही. म्हणजे बी फसते, उगवते आणि उपाशी मरते. चवळी-भुईमुगाच्या काही जातींची मुळेही त्याला अशीच झुलवतात.

आपल्या जुन्या लोकांना हे द्रव्य ठाऊक नव्हते. पण ज्वारीच्या काही तासांमागे तुरीचा एक तास ते सोडीत. चाड्यावर ज्वारीची मूठ धरणारी आणि मागून नळीने तूर सोडणारी, ह्या पुष्कळदा दोघी बायकाच असत. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात, आणि टारफुल्याचा जोर तर नत्र कमी असलेल्या हलक्या रानातच अधिक. शिवाय पाऊस मध्येच गेला तर निदान तूर हाती लागते. नुसत्या तुरीने टारफुला समूळ जातो, असे मात्र मी म्हणणार नाही. उपटणे आणि फेरपालट सोडून चालत नाही.

आफ्रिकेत केनियामध्ये मक्यावर ह्याच कुळातले तण पडते. तिथे झियाउर खान ह्या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात खोडकिडीसाठी मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाचा शेंगवर्गीय चारा लावला. कीड तर हटलीच, पण तणही कमी झाले! त्या चाऱ्याची मुळे तणाचे बी उगवू देतात आणि कोंब मक्याच्या मुळापर्यंत पोचू देत नाहीत. वर गुरांना वैरण मिळते ती निराळीच.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या अंबाडीला ज्वारी कुठे आहे? खरे आहे. पाणी साचलेल्या भातखाचरात टारफुल्याचे चालत नाही. वरकस जमिनीवरच्या नाचणीची गोष्ट निराळी. तीही त्याला चालते. तेव्हा नाचणीत उडीद किंवा तुरीच्या ओळी घालायची जुनी चाल मोडू नका.

आपला खरा प्रश्न भातानंतरच्या वालाचा. कडधान्यालाही आपले एक बांडगूळ आहेच: अमरवेल. पिवळ्या दोऱ्यांसारखी ती झाडाला वेढे घालते, आणि एकदा आधार मिळाला की तिला मातीची गरजच उरत नाही. पण ही अमरवेल भातावर सहसा जगत नाही, जसा ज्वारीचा टारफुला तुरीवर जगत नाही. तृणधान्याचे दुखणे कडधान्याला नाही, आणि कडधान्याचे तृणधान्याला नाही. भातामागून वाल आणि वालामागून पुन्हा भात, ही आपल्या सासवांची रीत म्हणूनच शहाणपणाची होती. मोकाट गुरे आणि महागलेली मजुरी ह्यांना कंटाळून आता काही घरे वाल पेरायचे सोडतात, आणि बिरड्यासाठी वाल दुकानातून आणतात. गुरे आवरणे एकटीच्या हातचे नाही. आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून राखण लावली तरच जमेल. ते आपल्या मंडळाने मनावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

एक लहानशी सूचना. पेरणीआधी वालाचे बियाणे चाळून घ्या. अमरवेलीचे बी वालाच्या मानाने फारच बारीक; ते चाळणीतून खाली पडते. तो चाळ उकिरड्यावर टाकू नका, नाहीतर खताबरोबर पुन्हा शेतात जाईल. सरळ चुलीत घाला. आणि शेतात वेल दिसलीच, तर तिला फूल येण्याआधी वालाच्या झाडासकट उपटून तीही जाळा. झाडाची हळहळ करून नुसते दोरे तोडाल, तर उरलेल्या तुकड्यातून ती पुन्हा फुटते.