खुब्याचा हिशेब

घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा खुबा दुखूं लागला, म्हणजे औषधपाण्याबरोबर एक काठीही घरांत येते. ती काठी बहुधा दुखऱ्या बाजूच्याच हातांत दिली जाते. जेथें दुखतें तेथेंच आधार हवा, असें सर्वांना वाटतें. खचलेल्या भिंतीला टेकू लावावयाचा तो त्याच भिंतीला, हा नेहमींचा अनुभव. परंतु मनुष्याचें शरीर म्हणजे भिंत नव्हे. येथें व्यवहारज्ञान फसतें आणि गणित खरें ठरतें. तें गणित कसें मांडलें गेलें, त्यांतील कोणता आंकडा मांडावयाचा राहून गेला आणि ती चूक कोणाला भोंवली, याची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

खुब्याच्या सांध्याची रचना वरवर पाहतां अगदीं साधी आहे. मांडीच्या हाडाचें वरचें टोंक चेंडूसारखें गोल असतें. कमरेच्या हाडांत वाटीसारखी खळगी असते. त्या वाटींत हा चेंडू फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें. मात्र हा चेंडू मांडीच्या हाडाच्या सरळ रेषेंत नसतो. एका आखूड मानेवर तो आंतल्या बाजूस झुकलेला असतो. गोदीवर माल उचलणाऱ्या वांकड्या मानेच्या यारीची आठवण व्हावी, असाच त्याचा आकार असतो.

ही आठवण १८६६ सालीं स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरीं एका स्थापत्यविशारदालाही झाली. शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनीं हाडांचे उभे छेद विद्वानांपुढें मांडले होते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोंकांत भरीव हाड नसतें. बारीक अस्थिपट्ट्यांची जाळी असते, आणि त्या पट्ट्या ठराविक कमानींनीं वळलेल्या असतात. पूल आणि यारी यांच्या अंगांत ताण व दाब कोणत्या रेषांनीं वाहतात, याच्या आकृत्या काढण्यांत आयुष्य घालविलेले प्राध्यापक कार्ल कुलमान यांना त्या कमानींत आपल्याच आकृत्या दिसल्या. पुढें १८९२ सालीं बर्लिनचे शस्त्रवैद्य युलियस वोल्फ यांनीं असा सिद्धांत मांडला कीं, हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण बदलते. वोल्फ यांच्या भूमितीच्या तपशिलावर नंतरच्या संशोधकांनीं आक्षेप घेतले. परंतु मूळ कल्पना टिकून राहिली. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचें हाड दुसऱ्या हाताहून जाड होतें, आणि अंतराळांत महिनोन् महिने राहिलेल्या प्रवाशाच्या हाडांची घनता घटते. ज्या हाडाला काम नाहीं, त्याचा सांठा शरीर हळूहळू परत घेतें.

मग या सांध्यावर भार तरी किती पडतो? साठ किलो वजनाचा मनुष्य दोन्ही पायांवर उभा असतां प्रत्येक खुब्यावर त्याच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी भार येतो. परंतु चालतांना प्रत्येक पावलागणिक कांहीं क्षण तो एकाच पायावर उभा असतो. जर्मन शस्त्रवैद्य फ्रीड्रिख पाउवेल्स यांनीं १९३५ च्या सुमारास याच क्षणाचा हिशेब मांडला. टेंकलेला पाय वगळतां उरलेलें सुमारें पन्नास किलो वजन त्या खुब्याच्या आंतल्या बाजूस, समजा, दहा सेंटिमीटर अंतरावर लोंबतें. तें कोसळूं नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कंबर खालीं ओढून धरतात. त्यांचें अंतर मात्र पांच सेंटिमीटरच. ही असमान दांडीची तागडी झाली. आखूड बाजूला दुप्पट जोर लावावा लागतो, म्हणजे स्नायूंना शंभर किलोंचा जोर करावा लागतो. आणि हे शंभर व वरचे पन्नास, दोन्हीं मिळून चेंडूवरच दाबतात. साठ किलोंच्या माणसाच्या खुब्यावर दीडशें किलो! सांध्याला जड होतें तें केवळ शरीराचें ओझें नव्हे. तें ओझें तोलून धरणाऱ्या स्नायूंची ओढ त्याहून जड होते.

हा हिशेब कागदावरचा झाला. तो पडताळून पाहण्यासाठीं स्वीडनमधील निल्स रायडेल यांनीं, ज्यांच्या खुब्यांत धातूचा गोळा बसवावा लागणार होता अशा दोन रोग्यांत, त्या गोळ्याच्या मानेंतच ताण मोजणारीं सूक्ष्म साधनें बसविलीं आणि १९६६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका पायावर उभें राहतां भार शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भरला. पुढें बर्लिन येथें गेओर्ग बेर्गमान व त्यांचे सहकारी यांनीं कृत्रिम सांध्यांतून बिनतारी संदेशानेंच हे आंकडे बाहेर आणले. ज्या लहरींवरून भाषण घरोघरीं पोंचतें, तशाच लहरींवरून रोग्याचा खुबा आपली कैफियत सांगूं लागला. सावकाश चालण्यांत सुमारें अडीचपट, जिना उतरतांना त्याहून थोडा अधिक, आणि अवचित ठेंच लागून तोल सांवरतांना सात ते आठपट भार नोंदला गेला. वृद्धांच्या घरांत उंबरठा, ओली मोरी व सरकतें जाजम यांची चिंता कां वाहावी, याचें उत्तर या आंकड्यांत आहे.

एवढा भार असूनही निरोगी सांधा जन्मभर निमूटपणें फिरतो, कारण त्यांतील घर्षण अत्यंत अल्प असतें. हें घर्षण मोजणाऱ्यांत इंग्लंडचे शस्त्रवैद्य जॉन चार्नली प्रमुख होत. त्यांचें रुग्णालय लँकेशायर परगण्यांत राइटिंग्टन येथें होतें. पॅरिसच्या जुडे बंधूंनीं १९४६ पासून प्रचारांत आणलेला अॅक्रिलिकचा गोळा बसविलेल्या एका रोग्याचा खुबा हालचालीसरशीं कर्र कर्र वाजे. इतरांना तो चमत्कार वाटला असता. चार्नली यांना त्यांत घर्षण ऐकूं आलें. सांधा वाजतो म्हणजे तो अडतो, आणि अडतो म्हणजे हाडांतील गोळ्याची बैठक तो ढिली करीत असला पाहिजे, असें अनुमान त्यांनीं काढलें. यावर उपाय म्हणून त्यांनीं गोळा लहान केला. अखेरीस त्याचा व्यास सुमारें बावीस मिलिमीटरवर आला, म्हणजे नैसर्गिक चेंडूच्या निम्म्याहून कमी. लहान गोळ्याला वाटींत फिरतांना अडथळाही कमी होतो. वाटीसाठीं त्यांनीं टेफ्लॉन निवडलें, कारण त्यांत घर्षण सर्वांत कमी होतें.

आरंभीं यश डोळे दिपविणारें होतें. वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेलीं माणसें वेदनेवांचून चालूं लागलीं. सुमारें तीनशें रोग्यांना अशा वाट्या बसविल्या गेल्या. आणि दोन-तीन वर्षांतच त्या झिजल्या. टेफ्लॉनच्या सूक्ष्म चुऱ्यामुळें सांध्याभोंवतीं दाहाच्या गांठी झाल्या व हाड पोखरलें जाऊं लागलें. घर्षण मोजलें गेलें होतें. झीज मोजली गेली नव्हती. गुळगुळीत तें टिकाऊ, हें त्यांनीं न तपासतां गृहीत धरलें होतें. चार्नली यांनीं तो चुरा स्वतःच्या मांडींत टोंचवून घेऊन त्याचा परिणाम पाहिला, आणि पुष्कळ रोग्यांवर पुन्हां शस्त्रक्रिया केली. परंतु त्या रोग्यांचीं वर्षें कोण परत देणार?

१९६२ च्या मे महिन्यांत एक विक्रेता रुग्णालयाच्या कर्मशाळेंत विणमागांच्या भागांसाठीं वापरल्या जाणाऱ्या एका प्लास्टिकचा, दाट पॉलिथिलीनचा, नमुना घेऊन आला. चार्नली यांनीं अंगठ्याचें नख रुतवून पाहिलें आणि तो नमुना नाकारला. परंतु ते कोपनहेगनला गेले असतां त्यांचा यंत्रकुशल साहाय्यक हॅरी क्रेव्हन यानें, आपणच बनविलेल्या झीज मोजण्याच्या यंत्रावर तो तुकडा लावून ठेवला. यंत्र रात्रंदिवस चाललें. तीन आठवड्यांत त्या तुकड्याची जेवढी झीज झाली, तेवढी टेफ्लॉनची एका दिवसांतही होत असे. परत आल्यावर चार्नली यांनीं आपलें मत बदललें. नखाच्या परीक्षेपेक्षां यंत्राचा आंकडा वरचढ मानला. नोव्हेंबरांत पहिली पॉलिथिलीनची वाटी बसविली गेली. या वेळीं मात्र ते सावध राहिले. कृत्रिम सांधा मृत्यूनंतर तपासावयास मिळावा, अशी विनंती ते रोग्यांना करीत आणि पुष्कळ रोगी ती मान्य करीत. झीज वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे, हें ज्ञान अशाच चिकाटीच्या मोजमापांतून निश्चित झालें. आज जगांत लाखों लोक या पद्धतीच्या सांध्यांवर चालतात, तें या मोजमापाच्या बळावर.

आतां काठीकडे वळावें. ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातांत धरली, तर तिचा जोर दुखऱ्या सांध्यापासून सुमारें चाळीस सेंटिमीटर दूर पडतो. दांडी लांब झाली. मनुष्यानें काठीवर पांच किलोंचा जोर दिला, तर स्नायूंचें काम शंभरांवरून साठांवर येतें, आणि सांध्यावरील दीडशें किलोंचे एकशें पांच होतात. प्रत्यक्ष चालण्यांत घट एवढी मोठी नसते, परंतु तिची दिशा हीच असते. दुखऱ्या बाजूच्या काठीला ही लांब दांडी मिळत नाहीं. शिवाय शरीर तिच्याकडे झुकून चाल बिघडते, ती निराळीच.

तेव्हां ज्या घरांत आजी किंवा आजोबा खुबा धरून जिना उतरत असतील, तेथें काठीचा हात आजच पाहून घ्यावा. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातीं असावी, आणि दुखऱ्या पायाबरोबरच ती पुढें पडावी. उंची अशी असावी कीं, उभें राहतां मूठ मनगटाच्या सांध्यापाशीं यावी व कोंपर किंचित् वांकावें. वैद्यानें कांहीं निराळें सांगितलें असेल तर अर्थात् तें मानावें. दीडशें वर्षांच्या मोजमापाचें एवढेंसें फळ घरांत कांहीं खर्च न करतां मिळतें. काठी फक्त या हातांतून त्या हातांत द्यावयाची असते.