संगणकाचा राखणदार



बीड शहराजवळ खजाना विहीर म्हणून एक प्रसिद्ध विहीर आहे. सोळाव्या शतकांत, अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानींत, ती बांधली गेली. जमिनीच्या पोटांतून काढलेल्या बोगद्यांनीं तींत पाणी येतें आणि तशाच वाटेनें तें पुढें शेतमळ्यांकडे जातें. पाणी वाहत आहे तोंवर त्या बोगद्यांची आठवण कोणासहि होत नाहीं. तें अडलें, कीं मात्र साऱ्या शिवाराची दृष्टि तिकडे वळते. आज ज्या व्यवसायाविषयीं मी बोलणार आहें, त्याचें स्वरूप कांहींसें असेंच आहे. संगणक दुरुस्त व चालू ठेवणें, त्यांना जोडणाऱ्या जाळ्याची निगा राखणें, सर्व्हर सांभाळणें, आणि यंत्रापुढें अडलेल्या माणसाला वाट दाखविणें, हें तें काम होय. या वाटेवरच्या पहिल्या पायरीला ‘आयटी सपोर्ट’ म्हणतात व वरच्या पायरीवरच्या माणसाला ‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर’. मी त्याला संगणकाचा राखणदार म्हणेन.

आपल्या जिल्ह्याला या राखणदाराची गरज काय, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें. जिल्ह्यांत परळीस आगगाडी पूर्वीपासून होती, परंतु खुद्द बीड शहरांत ती आली १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. संगणकाचें जाळें मात्र इतका वेळ थांबलें नाहीं. केंद्र सरकारची राष्ट्रीय सूचना-विज्ञान संस्था, म्हणजे एनआयसी, १९७६ सालीं स्थापन झाली, आणि उपग्रहाच्या द्वारें देशांतल्या जिल्हाधिकारी कचेऱ्या जोडण्याचें तिचें काम १९९० च्या सुमारास बहुतेक पुरें झालें होतें. म्हणजे आगगाडीच्या कित्येक वर्षें आधीं हें जाळें जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंत येऊन पोंचलें. आज सातबाऱ्याचा उतारा, रेशनचें धान्य, बँकेंतली ठेव, विद्यार्थ्याचा अर्ज, दवाखान्याची नोंद, हीं सारीं कामें त्याच्यावांचून होत नाहींत. आणि म्हणूनच ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्यां या’ हें वाक्य ऐकून किती माणसें रिकाम्या हातांनीं परत फिरतात! कचेरींतल्या माणसाला तें वाक्य उच्चारावयास क्षणहि लागत नाहीं. परंतु वीस कोसांवरून एस. टी. नें आलेल्या मजुराचा त्यांत एक रोज बुडतो. हा रोज वांचविणें हेंच या व्यवसायाचें खरें प्रयोजन आहे. पगार, हुद्दा, बढती हें सारें त्याच्या मागून येतें.

आपल्याकडे संगणकाचें शिक्षण म्हटलें, कीं दोनच गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. एक, २००१ सालीं सुरू झालेला एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम; दुसरी, पुण्यांतल्या एखाद्या मोठ्या कंपनींत प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी. पहिल्यानें लाखों लोकांना संगणक वापरावयास शिकविलें, हें त्याचें श्रेय कोणीहि नाकारणार नाहीं. दुसरीच्या आशेनें आईबाप कर्ज काढतात. या दोहोंच्या मधला जो राखणदारीचा प्रांत, तिकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः ज्याला यंत्र खोलून पाहण्याची हौस आहे, माणसांशीं बोलण्याचा कंटाळा नाहीं, आणि पुस्तकी गणितापेक्षां प्रत्यक्ष कामांत ज्याची बुद्धि अधिक चालते, अशा मुलाला वा मुलीला हा प्रांत चांगला मानवेल.

या कामाला लागणारे गुण कोणते? पहिला गुण म्हणजे शोध घेण्याचा क्रम. एखाद्या शाळेंतून निरोप येतो, ‘नेट बंद पडलें.’ अडाणी कारागीर लगेच यंत्र उघडून बसतो. जाणता कारागीर आधीं विचारतो, एकाच संगणकावर बंद आहे कीं सर्वांवर? सर्वांवर असेल, तर दोष त्या एका यंत्रांत नाहीं. मग तो केबल बसली आहे कीं नाहीं, दिवा लागतो कीं नाहीं, हें पाहतो. यंत्राला स्वतःचा पत्ता मिळाला आहे काय, राउटर साद देतो काय, राउटरच्या पलीकडचा एखादा ठाऊक पत्ता साद देतो काय, हें क्रमानें पडताळतो. पलीकडचा पत्ता आंकड्यांनीं सांपडतो, पण नांवानें सांपडत नाहीं, असें आढळलें, तर तार शाबूत असून नांवाचा पत्ता सांगणारी व्यवस्था तेवढी बिघडली आहे, हें तो जाग्यावर बसून ओळखतो. वैद्य नाडी पाहतो, मग जीभ पाहतो, मग औषध देतो. त्यांतलाच हा प्रकार. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदल उपयोगी न पडल्यास ती पूर्ववत् करावी, हा नियम ज्याच्या अंगीं मुरला तो अर्धा राखणदार झाला.

दुसरा गुण नोंदीचा. जुना कुलकर्णी गांव सोडून गेला तरी दप्तर मागें राही, म्हणून गांवचा कारभार चाले. कोणतें यंत्र कधीं घेतलें, कोणती तार कोठें जाते, कोणता दोष कोणत्या उपायानें गेला, हें ज्यानें लिहून ठेवलें नाहीं, त्याचें ज्ञान त्याच्याबरोबर रजेवर जातें. कित्येकांना वाटतें, कीं सारें आपल्या डोक्यांत ठेवलें म्हणजे आपली किंमत वाढेल. असा माणूस त्याच खुर्चीला बांधलेला राहतो. त्याला वरच्या जागेवर नेण्याचें धाडस मालकाला होत नाहीं.

तिसरा गुण दूरदृष्टीचा, आणि तो बॅकअपच्या बाबतींत कसाला लागतो. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या परदेशी कंपनींतल्या एका अनुभवी माणसानें रात्रीच्या कामाच्या भरांत चालू माहितीचा सांठा चुकून पुसून टाकला. माहितीची प्रत ठेवण्याच्या पांच तजविजी कंपनीनें केल्या होत्या. पण ऐनवेळीं त्यांतली एकहि धडपणें उपयोगी पडली नाहीं. सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्या कामासाठीं काढलेली एक प्रत हातीं होती, तिनें तारलें. सहा तासांतलें काम मात्र गेलें तें गेलें. प्रत घेणें हें अर्धेंच काम असून, ती प्रत परत उतरवून पाहणें हें उरलेलें अर्धें काम आहे, हा यांतला बोध.

त्याच वर्षीं २७ जून रोजीं नॉटपेट्या नांवाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधून जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज-कंपनीचीं यंत्रें बघतां बघतां निकामी झालीं. आपल्या न्हावाशेवाच्या बंदरांतला त्या समूहाचा धक्काहि ठप्प झाला. कोणत्या माणसाला कोणतें दार उघडावें याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर त्या कंपनीपाशीं होते, आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवीत असत. एक गेला तर दुसरा आहे, असा तो हिशेब होता; सारेच एकदम जातील हें कोणी धरलें नव्हतें. शेवटीं आफ्रिकेंतल्या घाना देशांतला एक सर्व्हर शाबूत सांपडला. कारण काय, तर त्या वेळीं तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्याची प्रत माणसाच्या हातीं विमानानें इंग्लंडला नेण्यांत आली आणि मग उभारणीस आरंभ झाला. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्यानें बसविले, असें कंपनीच्या अध्यक्षांनीं पुढें दावोस येथें सांगितलें. भारनियमनाला बोल लावणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कथा ऐकून हसूं येईल. पण तिचें मर्म आपल्या शेतकऱ्याला सांगावयास नको. सारें बियाणें एकाच पेवांत भरूं नये, हें त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तशीच माहितीची एक प्रत जाळ्यापासून सोडवून निराळी ठेवावी.

चौथा गुण सचोटीचा. राखणदाराच्या हातीं साऱ्या घराच्या किल्ल्या असतात. साहेबाचीं पत्रें, रोग्याचे कागद, ठेवीदारांचे हिशेब, हें सारें त्याला वाचतां येतें. तें न वाचणें हाच त्याचा धर्म. आज कोणी ‘तुमचा संगणक बिघडला आहे’ असें दूरध्वनीवरून सांगून भोळ्या माणसांचे पैसे लुबाडतात. त्या फसवेगिरीलाहि हीच विद्या लागते. म्हणून विद्येइतकीच नियत जपली पाहिजे.

आतां वाटेविषयीं. दहावीनंतर आयटीआयमध्यें संगणक व जाळ्याच्या देखभालीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. बीड व अंबाजोगाई येथें शासकीय तंत्रनिकेतनें आहेत. पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅकचा पदविका अभ्यासक्रम आहे; परम महासंगणक घडविण्यासाठीं १९८८ सालीं निघालेली हीच ती संस्था. परंतु शाळेची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानें, लिनस टोरवाल्ड्स यानें, १९९१ सालीं लिनक्सचा पाया घातला. आज जगांतले बहुसंख्य मोठे सर्व्हर त्यावर चालतात आणि तें फुकट मिळतें. जुना, टाकून दिलेला संगणक घ्यावा, त्यावर लिनक्स बसवावें, मुद्दाम मोडावें, पुन्हां उभें करावें. ही घरची तालीम शंभर प्रमाणपत्रांना भारी आहे. प्रमाणपत्र घ्यावयाचेंच, तर ज्याची परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावर काम करवून घेतात असें घ्यावें. रेड हॅटची परीक्षा तशी आहे. मात्र अशा प्रमाणपत्रांची मुदत बहुधा तीन वर्षांची असते, हें फी भरण्यापूर्वीं घरांत सांगावें. आणि नोकरी देण्याच्या बोलीवर जो पैसे मागतो, त्याच्या दारांत पाय ठेवूं नये.

पहिली नोकरी लहान असेल. पगार तुटपुंजा, रात्रपाळी ठरलेली, आणि आभाराचा शब्द दुर्मिळ. एखादें महाविद्यालय, पतपेढी, रुग्णालय किंवा साखर कारखाना अशा ठिकाणीं दोन वर्षें मनापासून काढलीं, तर मोठ्या शहरांत एकाच खिडकीवर बसलेल्या माणसापेक्षां अधिक शिकावयास मिळतें. कारण येथें प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सारें एकट्यालाच पाहावें लागतें. त्यानंतर जाळें, सर्व्हर, क्लाउड अथवा सुरक्षा यांपैकीं एक शाखा धरावी.

पासवर्ड बदलून देण्यासारखीं सोपीं कामें आतां यंत्रेंच करूं लागलीं आहेत, मग या व्यवसायाला भवितव्य काय, अशी शंका रास्त आहे. ज्याला तेवढेंच येतें, त्याची जागा खरोखरच डळमळीत आहे. परंतु १९ जुलै २०२४ चा दिवस आठवावा. क्राउडस्ट्राइक कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष सुधारणेनें जगांतले सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यांतल्या कित्येक यंत्रांपाशीं कोणी तरी स्वतः जाऊन, तें निराळ्या रीतीनें सुरू करून, ती सदोष फाइल हातानें काढावी लागली. जो क्रमानें विचार करतो, लिहून ठेवतो, राखीव प्रत तपासतो आणि किल्ल्या जपतो, त्याला अशा दिवशीं सारें जग शोधीत येतें.

बीडच्या मुलामुलींनीं या विद्येकडे पोटापाण्याचा धंदा म्हणून अवश्य पाहावें. त्यांत कमीपणा नाहीं. पण एवढें ध्यानांत असावें, कीं आपल्या कामाचें माप आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर जेवढें दिसतें, त्याहून अधिक तें कचेरीच्या खिडकीपाशीं दिसतें. तेथून ज्या दिवशीं एकहि माणूस ‘उद्यां या’ हे शब्द ऐकून परत गेला नाहीं, तो दिवस राखणदाराच्या कमाईचा.