तुरुंग नव्हे, चाळच
(एका सभेतल्या भाषणाचा मजकूर)



मला इमारतींवर बोल म्हणून सांगितलंय. मी आर्किटेक्ट नाही. मॅट्रिक झालो नि गोदीत लागलो. पण ज्या चाळीच्या पॅसेजमध्ये रांगायला शिकलो तिचा नकाशा मला पाठ आहे. बाकीचं वाचून, विचारून जमवलंय.

आधी एक थाप मोडतो. आपल्यातली जुनी माणसं छातीठोक सांगतात की बीडीडी चाळी म्हणजे इंग्रजांनी बांधलेले तुरुंग, ते मागाहून आपल्याला राहायला दिले. मीही हेच ऐकत वाढलो. कैद्याच्या कोठडीत राहतो म्हणून जरा रुबाबही वाटायचा. मग तारखा बघितल्या नि रुबाब उतरला.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या राज्यात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्याचंच बीडीडी. (बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले ती परळची चाळ सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, म्हणजे बीआयटी. पोरं गल्लत करतात म्हणून सांगतो.) या खात्यानं एका हातानं बॅकबेचा समुद्र बुजवायला घेतला, दुसऱ्या हातानं कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचं ठरवलं. पैसा कुठला? कर्जाचा. नि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागं एक रुपया कर बसवला. एक गाठ म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आसपास वजन. ती हूक मारून पाठीवर कुणी घेतली, ते त्या रुपयाच्या हिशेबात नाही. माझ्या आज्याची पाठ मी बघितलीय. ती चाळीच्या जिन्यासारखी मधेच झिजलेली होती.

५० हजारांतल्या खोल्या झाल्या किती? १६ हजारांच्या थोड्या वर. चाळी २०७. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. पुढं गिरण्यांत मंदी आली. कामगाराला भाडं परवडेना. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, जायला-यायला काही नाही. चाळीच्या चाळी रिकाम्या पडल्या. १९३० साली कायदेभंग सुरू झाला, सत्याग्रही ठेवायला जागा पुरेना. सरकारनं वरळीच्या रिकाम्या चाळी घेतल्या नि तिथं तात्पुरता तुरुंग केला.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी घर, मग तुरुंग, मग परत घर. तुरुंगासाठी बांधलेल्या जागेत आपल्याला कोंबलं, असं असतं तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. इथं उलटं आहे. कामगाराचं घर म्हणून विचार करून, नकाशा काढून, सिमेंट-काँक्रीट ओतून जे बांधलं ते तुरुंग म्हणूनही चाललं. नवी इमारत बांधायची गरजच पडली नाही.

का चाललं ते नकाशातच आहे. खाजगी मालकांच्या जुन्या लाकडी चाळींना बाहेरून गॅलरी असायची. दार उघडलं की उजेड, खाली अंगण, समोर माणसं. बीडीडीत गॅलरी आतमध्ये घेतली. मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. मजल्याला वीस, तळ धरून चार मजले, ऐंशी खोल्या. एका बोळात दोन्हीकडची दारं, म्हणजे जागा वाचली, भिंत वाचली, पैसा वाचला. गेला तो उजेड. आमच्या पॅसेजमध्ये भर दुपारी दिवा लागतो. खोली १६० चौरस फूट. आत एक मोरी. संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. आम्ही घरात आठ माणसं, माणशी वीस चौरस फूट. मी कविता लिहायला लागलो ते पॅसेजमधल्या दिव्याखाली, कारण आत दिवा लावला की बाप उठायचा, नि त्याची पहिली पाळी असायची.

काँक्रीट म्हणे शंभर वर्षं टिकतं. खाऱ्या वाऱ्यानं आतलं लोखंड गंजलं, फुगलं, स्लॅबचे पोपडे पडायला लागले. झोपलेल्या पोराच्या अंगावर पडले म्हणजे आई रात्रभर वर बघत बसायची.

नकाशात जात नव्हती. ऐंशीच्या ऐंशी खोल्या एका मापाच्या. पण ही चाळ आपली, ती चाळ त्यांची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ५ जानेवारी १९७४ला वरळीत पँथरच्या सभेवर दगड आले नि दंगल पेटली. कामगारांना कपडे वाळवायला, वारा खायला म्हणून असलेली गच्ची, तिथून दगडफेक झाली. पोलिसांच्या गोळीत रमेश देवरुखकर गेला. १० जानेवारीला मोर्चावर वरून दगड आला, भागवत जाधव गेला. दोघांचे फोटो आपल्या घरात बाबासाहेबांच्या खाली लागतात. एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर जाणारी माणसं ही. मार्क्सवाल्या मित्रांनी याचं उत्तर मला अजून नीट दिलेलं नाही.

आता पुनर्विकास. २०१७ला भूमिपूजन झालं. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचं घर. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या. मी नाक मुरडणार नाही. संडास घरात आला, ही माझ्या आईच्या दृष्टीनं क्रांतीच आहे. नि घर सोडतीत निघालं, म्हणजे शेजारी कोण ते चिठ्ठी ठरवणार. जी गोष्ट आपल्याला पन्नास वर्षांत जमली नाही ती कदाचित चिठ्ठीनं व्हावी. पण पॅसेजच्या टोकाची अभ्यासिका, तळमजल्यावरचं विहार, मंडळाची खोली यांना चाळीस मजल्यांत जागा कुठं, हे आताच विचारायला हवं. लिफ्ट बंद पडल्यावर विचारून काय उपयोग?

आणि आम्ही शिवडीवाले? आमच्या चाळींखालची जमीन बंदराची. म्हणून १९५ चाळींची योजना झाली तेव्हा आमच्या १२ बाहेर राहिल्या. आयुष्यभर बंदराचा माल उचलला नि बंदराच्याच जमिनीवर अडकलो.

तर काम असं. या चाळी पडायच्या आत नोंद करायची. कुठल्या खोलीत किती माणसं, कुठून आली, कुठल्या गिरणीत की गोदीत, कुठली चाळ कुणाची नि कधीपासून. म्हाताऱ्यांना विचारायचं. तुरुंगात होते ते सत्याग्रही पुस्तकांत गेले, राहिले ते कुठंच नाहीत. येत्या रविवारी सकाळी दहाला शिवडीपासून सुरू करू. वह्या तुम्ही आणा. टेप माझ्याकडे आहे, गोदीतली, शंभर फुटांची.