विमानाच्या दोन नळ्या

आगगाडीचा किंवा मोटारीचा वेग चाकांच्या फेऱ्यांवरून कळतो. आकाशांत विमानाचीं चाकें कशालाच टेकत नाहींत. मग वैमानिकास वेग कळावा कसा? शिवाय, जमीन किती वेगानें मागें पडते एवढें कळून त्याचें भागत नाहीं. पंखांवरून हवा किती वेगानें वाहते, यावर विमानाचें तरणें अवलंबून असतें. तो वेग मर्यादेखालीं गेला कीं पंखांचा आधार सुटतो.

1732 सालीं आंरी पितो या फ्रेंच अभियंत्यानें सेन नदीचा वेग मोजण्यासाठीं एक वांकडी नळी प्रवाहाकडे तोंड करून धरली. प्रवाह जितका वेगवान, तितकें नळींत पाणी वर चढे. हीच युक्ति पुढें विमानाच्या कामीं आली. टायगर मॉथ हें 1931 सालीं प्रथम उडालेलें, वरखालीं दोन पंखांचें, कापडानें मढविलेलें लहानसें विमान घ्या. हौशी लोक तें अद्यापि उडवितात. त्याच्या डाव्या बाजूस, पंखांमधील खांबावर, दोन बारीक नळ्या असतात. एकीचें तोंड समोर उघडें. तींत हवा थबकते व दाब वाढतो. दुसरीचें तोंड बंद, पण अंगाला छिद्रें. तींत भोंवतालच्या हवेचा केवळ स्वाभाविक दाब उतरतो. वेगदर्शकांत पातळ पत्र्याची पोकळ डबी असते. पहिलीचा दाब डबीच्या आंत, दुसरीचा बाहेर. दोहोंच्या फरकानें डबी फुगते आणि कांटा हलतो.

हा फरक तरी केवढा? समुद्रसपाटीवर ताशीं 60 मैल वेगाला सुमारें साडेचार सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका! ताशीं 40 मैलांना अवघा दोन सेंटिमीटर. आणि त्याच सुमारास या विमानाचा आधार सुटूं लागतो. म्हणून नळी साफ करण्यास तोंडानें फुंकर मारणें वर्ज्य; तेवढ्यानेंही डबी निकामी होऊं शकते.

कुंभारीण माशीला असलीं आयतीं भोंकें फार प्रिय. समोरची नळी पुरती बुजली कीं जमिनीवरचा दाब आंत कोंडतो. दौडतांना कांटा स्तब्ध राहतो. पण विमान चढूं लागलें, बाहेरचा दाब उतरला, कीं वेग न वाढतांही तो पुढें सरकूं लागतो. वेग फार झाला असें समजून वैमानिक विमानाचें नाक आणखी उचलतो, आणि खरा वेग घटत जातो. 6 फेब्रुवारी 1996 रोजीं डोमिनिकन प्रजासत्ताकांतून निघालेलें एक मोठें प्रवासी विमान अशाच घोटाळ्यांत समुद्रांत कोसळलें व 189 जण मृत्युमुखीं पडले. नळींत कीटकाची माती शिरली असावी, असें चौकशींत ठरलें.

दुसऱ्या नळीकडे कोणी फारसें पाहत नाहीं, हें वाईट. तिचीं छिद्रें आकाशांत पाणी वा बर्फ धरून बुजलीं, तर खालीं उतरतांना कांटा खऱ्याहून अधिक वेग दाखवितो, आणि तोही नेमका जमीन जवळ येत असतां. टायगर मॉथमध्यें शिक्षक पुढें व शिकाऊ मागें बसतो, परंतु दोघांचे वेगदर्शक याच जोडीवर चालतात. तेव्हां एकाला दुसऱ्याचा कांटा पाहून खात्री करून घेण्याची सोय नाहीं.

यास्तव उड्डाणापूर्वीं नळ्यांवरील टोपण काढलें कीं नाहीं हें वैमानिक स्वतः पाहतो. दौड सुरू होतांच कांटा हलला नाहीं, तर इंजिन मंद करून तेथेंच थांबतो. आकाशांत फसगत झाली तर मात्र पंखांच्या तारांतून घुमणारा वाऱ्याचा सूर आणि हातांतील दांडा किती सैल लागतो, एवढ्यावरच त्याला विमान खालीं आणावें लागतें.