धनको, ऋणको आणि सही नसलेला तिसरा



कर्जाचा व्यवहार आपल्या समाजाला अपरिचित नाही. देणारा धनको, घेणारा ऋणको, मध्ये एक कागद आणि तारण म्हणून जमीन वा दागिना. हा व्यवहार कितीही जाचक झाला तरी तारण ऋणकोचे स्वतःचे असते. बुडाले तर त्याचेच बुडते. आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या विकासकर्जात मात्र एक तिसरा पक्ष असतो. करारावर त्याची सही नसते, करार ज्या भाषेत लिहिला जातो ती त्याला वाचता येत नाही, आणि जाते ती जमीन मात्र त्याची असते. जागतिक बँकेवर गेल्या चार दशकांत देशोदेशींच्या संघटनांनी जी टीका केली, तिचा उगम या तिसऱ्या माणसाच्या गाऱ्हाण्यात आहे. व्याजाचा दर किंवा परतफेडीची मुदत हे तिचे मुख्य विषय कधीच नव्हते.

या संस्थांच्या जन्माच्या वेळी भारत तेथे उपस्थित होता, याचे स्मरण फारसे ठेवले जात नाही. १९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावचे हे सुपुत्र संस्कृतचे मोठे रसिक. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. त्या काळी भारत ऋणको नव्हता, धनको होता. महायुद्धासाठी भारतातून जो माल आणि जे मनुष्यबळ उचलले गेले, त्यापोटी ब्रिटनकडून येणे असलेली रक्कम युद्ध संपेपर्यंत एक अब्ज पौंडांच्या पुढे गेली होती. हा प्रश्न भारतीय शिष्टमंडळाने परिषदेपुढे मांडला. तो परिषदेच्या कक्षेत घेण्यास मान्यता मिळाली नाही. सर्वांत मोठ्या धनकोंपैकी एकाला आपल्याच पैशाविषयी तेथे बोलता आले नाही आणि पाचच वर्षांत, १९४९ मध्ये, त्याच देशाने रेल्वेसाठी ३.४ कोटी डॉलरचे कर्ज जागतिक बँकेकडून घेतले. आशियाला बँकेने दिलेले ते पहिले कर्ज होय.

पुढचा इतिहास ओझरता पाहिला तरी चालेल. १९६६ च्या जूनमध्ये बँक आणि नाणेनिधी यांच्या आग्रहाखाली रुपयाचे अवमूल्यन झाले, ४.७६ रुपयांचा डॉलर एका रात्रीत ७.५० रुपयांचा झाला. त्या बदल्यात अपेक्षित असलेला साहाय्याचा ओघ मात्र टिकला नाही. १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने विमानांतून परदेशी तारण म्हणून गेले, ही गोष्ट आज पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवते. त्या वेदनेत सर्व देश सहभागी होता. नर्मदेच्या काठी जे घडले त्याची झळ मात्र सर्वांना सारखी बसली नाही.

१९८५ च्या मे महिन्यात जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचा करार केला. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा निवाडा १९७९ मध्येच आलेला होता. धरण गुजरातचे, पण बुडणाऱ्या २४५ गावांपैकी गुजरातची अवघी १९, महाराष्ट्राची ३३ आणि उरलेली मध्यप्रदेशची. महाराष्ट्रातील गावे तेव्हाच्या धुळे व आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरकपारीत होती. वस्ती भिल्ल, पावरा, तडवी अशा वनवासी समाजांची. कच्छ-सौराष्ट्राची तहान खोटी नव्हती, हे येथेच स्पष्ट करणे आवश्यक आहे. पुढे नर्मदेचे पाणी तेथे पोहोचले आणि त्याने अनेक गावांचे जीवन पालटले. पाणी हवे की नको, असा प्रश्नच नव्हता. ज्यांचे घर त्या पाण्याखाली जाणार होते त्यांची मोजदाद कोणी केली होती, हा प्रश्न होता.

ती झाली नव्हती. बँकेचे पुनर्वसनाविषयीचे स्वतःचे धोरण १९८० पासून लिखित स्वरूपात होते; १९८२ मध्ये वनवासी समाजांविषयीही तिने नियम केले होते. तरीही पुनर्वसनाचा आराखडा हाती नसताना आणि भारत सरकारच्या पर्यावरण खात्याची संमती मिळालेली नसताना कर्ज मंजूर झाले. ती सशर्त संमती आली १९८७ मध्ये, म्हणजे करारानंतर दोन वर्षांनी. त्यात सातपुड्यातील पुष्कळ शेती वनजमिनीवरची. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून कागदोपत्री तो अतिक्रमणदार. आणि अतिक्रमणदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन नाही. धरणाच्या भिंतीची उंची इंचाइंचाने मोजली गेली, पण माणसांची संख्या निरनिराळ्या कागदांवर निरनिराळी होती.

या प्रश्नावर मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलन यांनी लढा उभारला. त्यांच्या विकासविषयक भूमिकेशी असहमत असणारे पुष्कळ आहेत आणि त्या असहमतीला कारणेही आहेत. परंतु गाव मोजले गेलेले नाही, हा त्यांचा मुद्दा बँकेनेच नेमलेल्या मंडळाला मान्य करावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफोर्ड मोर्स आणि कॅनडाचे विधिज्ञ थॉमस बर्जर यांच्या मंडळाने जून १९९२ मध्ये अहवाल दिला. पुनर्वसन आहे त्या स्थितीत शक्य नाही, पर्यावरणीय परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही आणि बँकेने या प्रकल्पापासून मागे सरून नव्याने विचार करावा, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी बँकेचे एक वरिष्ठ अधिकारी विली वापेनहान्स यांचा अंतर्गत अहवाल आला. असमाधानकारक ठरलेल्या प्रकल्पांचे प्रमाण १९८१ मधील १५ टक्क्यांवरून १९९१ मध्ये ३७.५ टक्क्यांवर गेले होते. कारण साधे होते : बँकेतील अधिकाऱ्याची बढती मंजूर करून घेतलेल्या कर्जांच्या आकड्यावर ठरत होती, त्या कर्जाने पुढे काय झाले यावर नव्हे. आपल्याकडच्या सहकारी पतपेढ्यांचे संचालक हे वाचून मनाशी हसतील.

बँकेने कर्ज लगेच थांबवले नाही. सहा महिन्यांची मुदत आणि काही अटी घातल्या. त्या पुऱ्या होण्यासारख्या नव्हत्या. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, ३० मार्च १९९३ रोजी, भारत सरकारने उरलेले कर्ज आपण उचलणार नाही असे कळवले. उरलेली रक्कम सुमारे १७ कोटी डॉलर होती. काहींना तो राष्ट्रीय स्वाभिमान वाटला, काहींना आंदोलनाचा विजय. मणिबेलीला, महाराष्ट्राच्या हद्दीतील बुडिताच्या पहिल्या गावाला, त्याने काहीच फरक पडला नाही. पाणी यायचे ते आले. शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही जलाशयात गेले. नवे मंदिर गोरा येथे बांधण्यात आले. बँक निघून गेली तेव्हा तिच्या नियमांवर बोट ठेवून भांडण्याची सोयही तिच्याबरोबर गेली. उरले ते राज्य शासन, न्यायालय आणि तळोद्याकडील नव्या वसाहतींत सातबाऱ्यासाठी फेऱ्या मारणारी माणसे. पुढे १९९४ मध्ये ४४ देशांतील ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारे निवेदन काढले, त्याला ‘मणिबेली घोषणापत्र’ असे नाव दिले. वॉशिंग्टनमध्ये हे नाव माहीत असणारे अधिकारी पुष्कळ भेटतील. पुण्यात विचारून पाहावे.

परदेशी पैसा थांबल्यावर धरणासाठी स्वदेशी पैसा उभा राहिला, आणि त्याचीही एक कथा आहे. १९९३ च्या अखेरीस सरदार सरोवर निगमाने रोखे काढले : आज ३,६०० रुपये भरा, वीस वर्षांनी १,११,००० रुपये घ्या. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण डोळ्यांपुढे ठेवून मध्यमवर्गीय कुटुंबांनी ते घेतले आणि कपाटात जपून ठेवले. व्याजाचे दर पुढे उतरले, बोजा जड झाला, आणि २००८ मध्ये गुजरात विधिमंडळाने कायदा करून मुदतीपूर्वी परतफेडीचा अधिकार निगमाला दिला. जानेवारी २००९ मध्ये रोख्यामागे ५०,००० रुपये हाती आले. रोखेधारकांनी तक्रारी केल्या, वृत्तपत्रांत पत्रे लिहिली. करारावर आपली सही असूनही करार एकतर्फी बदलतो तेव्हा काय वाटते, हे त्या कुटुंबांना समजले. ज्याची सहीच नव्हती त्याच्या स्थितीची कल्पना तेथून सुरू करता येते.

नर्मदेच्या प्रकरणातून एक टिकाऊ गोष्ट निघाली. सप्टेंबर १९९३ मध्ये जागतिक बँकेने तीन सदस्यांचे निरीक्षण पॅनेल स्थापन केले. प्रकल्पाने बाधित झालेल्या दोन वा अधिक व्यक्तींना तेथे थेट तक्रार करता येते. पॅनेल भरपाई देत नाही, काम थांबवत नाही; बँकेने आपलेच नियम पाळले की नाही एवढेच तपासते. ही व्यवस्था बँकेला आपणहून सुचलेली नव्हती. अमेरिकी संसदेने निधी अडवण्याचा धाक घातल्यावर ती आली. म्हणजे सातपुड्यातील माणसाचे म्हणणे बँकेच्या मुख्यालयात पोहोचले ते वॉशिंग्टनच्या संघटना आणि तेथील लोकप्रतिनिधी यांच्या खांद्यावरून. आपल्या संसदेच्या मार्गाने ते पोहोचले नाही. ही बाब आपल्याला बोचली पाहिजे.

पॅनेलचा लाभ मुंबईकरांनीही घेतला. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला बँकेने २००२ मध्ये कर्ज मंजूर केले. लोकल गाड्यांची सुधारणा आणि रस्ते यांसाठी सुमारे १ लाख २० हजार माणसे हलवावी लागणार होती. आरंभीचा अंदाज ८० हजारांचा होता. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात दुकाने जाणाऱ्या कुर्ल्याच्या व्यापाऱ्यांनी २००४ मध्ये तक्रार केली. वर्षानुवर्षांची गिऱ्हाईके असलेल्या दुकानाच्या बदल्यात दूरच्या वसाहतीत एक लहानसा गाळा, असा तो हिशोब होता. पॅनेलने डिसेंबर २००५ च्या अहवालात त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य केले. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन यांचा निधी रोखला. त्यानंतर बोलणी झाली, सुधारणा झाल्या आणि जूनअखेर निधी पुन्हा सुरू झाला. रस्ता पुरा झाला २०१४ मध्ये. ज्या व्यापाऱ्यांनी हे केले ते विकासविरोधी नव्हते, की कोणाच्या परदेशी पैशावर चालणारे नव्हते. त्यांना दुकान हवे होते.

मुंद्र्याच्या मच्छीमारांची गोष्ट याहून कठीण. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २००८ मध्ये तेथील सुमारे ४,००० मेगावॅटच्या कोळशावरील वीजप्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. नर्मदेच्या कराराचाही आकडा हाच होता, हा योगायोग. समुद्रात सोडलेल्या उष्ण पाण्याने मासे दुरावले, गोडे पाणी खारे झाले, राख उडून येते, अशा तक्रारी झाल्या. महामंडळाच्या स्वतःच्या लोकपालाने २०१३ मध्ये त्रुटी दाखवल्या. व्यवस्थापन हलले नाही, तेव्हा २०१५ मध्ये मच्छीमारांनी थेट वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा लावला. महामंडळाचे म्हणणे असे की, १९४५ च्या अमेरिकी कायद्यान्वये आपल्यावर खटलाच चालू शकत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी हे संपूर्ण संरक्षण अमान्य केले. पंचाहत्तर वर्षांची तटबंदी कच्छच्या कोळ्यांनी फोडली, असे तेव्हा वाटले. पुढे खालच्या न्यायालयांनी सांगितले की, तक्रारीचा विषय असलेले कृत्य अमेरिकेत घडलेले नाही, सबब दावा चालणार नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ऐकण्यास नकार दिला. तत्त्व जिंकले, मच्छीमार हरले.

टीकाकारांचेही एकदा मोजमाप झाले पाहिजे. पॅनेलपुढे आलेली पहिली तक्रार नेपाळच्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाविषयी, १९९४ ची. एवढा एकच महागडा प्रकल्प गरीब देशाचा सारा पैसा गिळील, लहान प्रकल्प घ्यावेत, असा तेथील टीकाकारांचा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. १९९५ मध्ये बँकेचे अध्यक्ष वुल्फेन्सन यांनी कर्ज रद्द केले. काही लहान प्रकल्प खरोखर उभे राहिले. पण मागणी त्याहून वेगाने वाढली आणि २००८-०९ च्या हिवाळ्यात काठमांडू दिवसाचे सोळा तास अंधारात होते. बँकेला जाब विचारायला पॅनेल होते. प्रकल्प थांबवणाऱ्यांना जाब विचारायला कोठे जायचे, हे त्या अंधारात बसलेल्या विद्यार्थ्याला कोणी सांगितले नाही.

अरुण-३ पुन्हा उभा राहत आहे. क्षमता २०१ वरून ९०० मेगावॅट झाली आहे, पायाभरणी २०१८ च्या मे महिन्यात झाली, आणि बांधणारी कंपनी आहे शिमल्याची एसजेव्हीएन, भारताच्या सार्वजनिक क्षेत्रातली. कर्ज स्टेट बँकेसह भारतीय व नेपाळी बँकांचे. वॉशिंग्टनचे निरीक्षण पॅनेल या कर्जाला लागू नाही. अरुणच्या खोऱ्यातील ज्या शेतकऱ्याची जमीन जाते, त्याचा धनको आता भारतीय आहे, आणि त्याचा अर्ज मराठी, हिंदी वा इंग्रजीत नव्हे, नेपाळीत लिहिलेला असेल.