'लिबरल' ही शिवी कशी झाली?



'उदार' हा आपल्याकडे स्तुतीचा शब्द आहे. असे असता 'लिबरल', म्हणजे उदारमतवादी, हा शब्द डावे लोक हिणवण्यासाठी का वापरतात, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. आपल्याकडे 'मवाळ' शब्दाचेही असेच झाले होते. तो शब्द वापरणारे जहाल काही डावे नव्हते; पण निम्म्या वाटेवर थांबणाऱ्यावरचा राग तोच. डाव्यांच्या रागाचे मूळ मात्र युरोपच्या इतिहासात आहे.

राजकीय पक्षाचे नाव म्हणून 'लिबरल' हा शब्द प्रथम स्पेनमध्ये रूढ झाला. राजाच्या अनियंत्रित सत्तेला आळा घालणारी १८१२ ची राज्यघटना ज्यांनी केली, त्यांचे हे नाव. त्या वेळी राजाविरुद्ध सारे एक होते. फाटाफूट झाली ती पुढे, कारखान्याच्या दाराशी.

इंग्लंडातील जॉन ब्राइट यांचेच उदाहरण घ्या. धान्यावरील जकातीचे कायदे १८४६ साली रद्द झाले, त्या चळवळीचे ते एक पुढारी. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातील कारभारावर पार्लमेंटात कडक टीका करणारेही तेच. परंतु गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांच्यासाठी १८४७ साली दहा तासांचा कायदा झाला, त्याला ह्याच ब्राइटसाहेबांनी कसून विरोध केला. मालक आणि मजूर यांचा करार हा स्वतंत्र माणसांचा करार आहे, त्यात सरकारने पडू नये, ही त्यांची भूमिका. ते स्वतः गिरणीमालक होते हे खरे. तथापि त्यांना ढोंगी म्हणता येत नाही. ते आपल्या तत्त्वाला धरूनच बोलत होते. डाव्यांचा आक्षेप त्या तत्त्वावरच आहे. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याला करार नाकारण्याचे स्वातंत्र्य कोठून असणार?

पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये ह्या आक्षेपाला रक्ताचा डाग लागला. फेब्रुवारी १८४८ मध्ये मजूर आणि मध्यमवर्ग यांनी मिळून राजाला घालविले. बेकारांसाठी राष्ट्रीय कर्मशाळा निघाल्या. जूनमध्ये त्या मोडण्याचे ठरताच मजूर उठले, आणि नव्या प्रजासत्ताकाच्याच सेनापतीने, जनरल काव्हेन्याक यांनी, चार दिवसांत तो उठाव चिरडला. हजारो माणसे मेली. मालमत्तेला धक्का लागेपर्यंतच हे लोक आपले सोबती, असा धडा मार्क्सने व त्याच्या अनुयायांनी त्यातून घेतला.

अमेरिकेत तोच राग १९६० नंतर उसळला. जॉन्सन यांच्या सरकारने १९६४ साली नागरी हक्कांचा मोठा कायदा केला, आणि त्याच सरकारने १९६५ पासून व्हिएटनामात फौजा लोटल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या युद्धविरोधी सभेत विद्यार्थ्यांचे पुढारी कार्ल ओग्लस्बी यांनी सांगितले की, हे युद्ध चालविणारे कोणी राक्षस नव्हेत. ते प्रतिष्ठित गृहस्थ आहेत आणि सारे लिबरल आहेत.

येथवर डाव्यांची बाजू झाली. आता ह्या सवयीची किंमत पाहू. जर्मनीत सोशल डेमोक्रॅटांच्या सरकारने १९१९ साली डाव्यांचा उठाव निर्दयपणे मोडला होता. तेव्हा कम्युनिस्टांचा राग निराधार नव्हता. पण पुढे ते सोशल डेमोक्रॅटांना फॅसिस्टांचेच भाऊबंद म्हणू लागले. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना सुमारे ३३ टक्के मते पडली, आणि ह्या दोन पक्षांना मिळून सुमारे ३७ टक्के. दोघे एक झाले असते तर हिटलर खात्रीने अडला असता, असे मी म्हणत नाही. पण ते एक झाले नाहीत, आणि १९३३ साली दोन्ही पक्षांची माणसे एकाच छळछावणीच्या कुंपणाआड गेली.

म्हणून एवढेच सुचवितो. कोणी कोणाला 'लिबरल' म्हणून हिणवले, तर त्याला विचारावे: हा गृहस्थ नेमका कोठे थांबला, आणि त्यापायी कोणाचे नुकसान झाले? उत्तर मिळाले तर ती टीका आहे, आणि उदारमतवाद्याने ती ऐकलीच पाहिजे. उत्तर नसेल तर ती नुसती शिवी आहे. मुद्रणस्वातंत्र्य आणि निःपक्षपाती न्यायालय ह्या उदारमतवाद्यांनी झगडून मिळविलेल्या गोष्टी आहेत. तुरुंगात पडल्यावर डाव्या कार्यकर्त्यालाही पहिली गरज त्यांचीच लागते.