माणसें नऊ, आसनें पांच

आजचा माझा विषय घरगुती आहे. मोठ्या कुटुंबासाठीं घेतलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह मोटारींत जादा आसनें बसवावीं काय, हा तो प्रश्न. मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. मॅट्रिक झाल्यावर मीं शिक्षकी पत्करली आणि छत्तीस वर्षें मुलांना गणित व शास्त्र शिकवून निवृत्त झालों. परंतु या प्रश्नाचें उत्तर माझ्या कुटुंबाला किंमत देऊन मिळालें आहे, आणि ती किंमत माझ्या शब्दामुळें द्यावी लागली. म्हणून याविषयीं बोलणें मी माझें कर्तव्य समजतों.

सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत, डोंगराच्या कुशींत आमची वाडी आहे. पक्की सडक संपली कीं दोन मैलांची चढण लागते. पावसाळ्यांत तेथें साध्या मोटारीचीं चाकें चिखलांत जागच्या जागीं फिरतात. म्हणून माझ्या मुलानें एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी विकत घेतली. पुढें दोन व मधल्या बाकावर तीन, अशीं तिच्यांत पांच आसनें. मागें सामानापुरती मोकळी जागा. घरांत माणसें मात्र नऊ : माझ्या मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटा भाऊ व भावजय, मुलगा व सून, आणि नातू व नात. दर चैत्रांत आम्ही जोतिबाच्या डोंगरावर दर्शनास जातों. एकदां तरी सर्वांनीं एकाच गाडींतून जावें, ही मातोश्रींची फार दिवसांची इच्छा होती.

मागची जागा मीं स्वतः पट्टीनें मोजली. दोन बाजूंना दोन बाकें ठेवलीं तर चौघें समोरासमोर बसतील, असा हिशेब निघाला. कारागीर म्हणाला, "गुरुजी, चार भोकं पाडायची आणि बोल्ट आवळायचे. संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा." माझ्या पत्नीनें मात्र विचारलें, "अहो, पोरांना आडवं बसवायचं, तर धरायला काय आहे तिथं?" मीं हसून उत्तर दिलें, "सारा तालुका वडापांतून असाच जातो. आपल्यालाच काय होणार आहे?" श्रोतेहो, छत्तीस वर्षें जडत्वाचा नियम शिकविणाऱ्या माणसाचें हें उत्तर होतें !

या आडव्या बैठकीची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं निघालेली जीप १९४९ सालीं मुंबईंत जुळविली जाऊं लागली. पुढें लांब बांध्याच्या जीपगाड्या खेडोपाडीं पोंचल्या. मागच्या चाकांवरील उंचवट्यावर बाक टाकावें आणि माणसें दाटीनें बसवावीं, ही रीत रूढ झाली. डोळ्यांना संवय झाली म्हणजे धोका दिसेनासा होतो. माझेंही तसेंच झालें.

यात्रेच्या दिवशीं आम्ही नऊ जण आनंदानें निघालों. वाडीचा उतार उतरत असतां वळणावर एक म्हैस अचानक आडवी आली. गाडीचा वेग तासाला तीस किलोमीटरहून अधिक नसेल. मुलानें ब्रेक दाबला; म्हैस वांचली. परंतु मागें पत्रा फाटल्याचा आवाज झाला. डाव्या बाकाचे बोल्ट जुन्या, गंजलेल्या पत्र्यांतून उपसून आले होते, आणि बाकासकट माझी भावजय व नात मधल्या आसनाच्या पाठीवर आदळल्या होत्या. भावजयीचें मनगट मोडलें. सात वर्षांच्या नातीच्या हनुवटीला चार टांके पडले. त्या दिवशीं जोतिबाऐवजीं आम्ही कऱ्हाडला इस्पितळांत गेलों.

दुसऱ्या दिवशीं कारागीर घरीं आला आणि मान खालीं घालून म्हणाला, "गुरुजी, चुकलं माझं." मीं म्हटलें, "बोल्ट तुझे होते. पण मोजमाप माझं होतं, आणि हट्टही माझाच." त्या रात्रीं मीं पुन्हां कागद घेतला आणि जो हिशेब आधीं करावयास हवा होता, तो केला.

ताशीं पन्नास किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें चौदा मीटर. त्या वेगाची गाडी कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदांत थांबली, तर साठ किलो वजनाच्या माणसाला थांबविण्यास सुमारें साडेआठशें किलो वजनाइतका जोर लागतो. हा जोर आसनानें, पट्ट्यानें आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या बोल्टांनीं सोसावयाचा असतो. कारखान्यांत आसनाखालचा पत्रा जाड पट्ट्या जोडून बळकट केलेला असतो, आणि आसन व पट्टा यांचे टेकू असा जोर देऊन तपासलेले असतात. आमच्या बाकाखालीं नुसता पत्रा होता. पट्टा तर नव्हताच. शिवाय आडव्या बसलेल्या माणसाला गाडी ज्या दिशेला जाते त्या दिशेला टेकावयास पाठ नसते. ब्रेक लागतांच तो शेजाऱ्याच्या अंगावर कोसळतो. कमरेला पट्टा असला, तरी धड आडवें झोकलें जातें.

दुसरी गोष्ट तरफेची. मागचीं चाकें हा टेकू समजा. दोन चाकांच्या जोड्यांमधील अंतर अडीच मीटर आहे, आणि साठ किलोचीं चार माणसें मागच्या आंसाच्या अर्धा मीटर मागें बसलीं आहेत. तर त्या दोनशें चाळीस किलोंमुळें पुढच्या चाकांवरील भार अठ्ठेचाळीस किलोंनीं कमी होतो, आणि मागच्या चाकांवर दोनशें अठ्ठ्याऐंशी किलो वाढतात. गाडी वळविण्याचें काम पुढचीं चाकें करतात, आणि थांबविण्याचा मोठा वाटाही त्यांचाच असतो. त्यांचीच पकड आपण सैल करतों. मागें माणसें बसलीं म्हणून सामान टपावर गेलें, तर गुरुत्वमध्य उंच होऊन घाटाच्या वळणावर गाडी अधिक कलते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंजिनाची गति चारही चाकांना मिळते, म्हणून गाडी चिखलांतून निघते व चढण चढते. परंतु ब्रेक तर साध्या मोटारीचेही चारही चाकांना असतात. म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी चढते चांगली, पण त्यामुळें ती लवकर थांबत नाहीं. चढणीवर आलेला विश्वास उतारावर उपयोगीं पडत नाहीं.

तिसरी गोष्ट कायद्याची. गाडीच्या नोंदणीपत्रांत आसनांची संख्या लिहिलेली असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें, उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपत्र जुळणार नाहीं असा बदल मालकाला करतां येत नाहीं; सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हाच अर्थ स्पष्ट केला आहे. त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें अशा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झालाच, तर विमा कंपनीच्या हातीं आयती सबब जाते ती वेगळीच.

मग मोठ्या कुटुंबानें करावें काय ? गाडी घेण्यापूर्वींच घरांतील डोकीं मोजावीं, आणि तितकीं आसनें कारखान्यांतूनच बसवून आलेली व नोंदणीपत्रांत लिहिलेली गाडी पाहावी. प्रत्येक आसन पुढें तोंड करून आहे काय, खांद्यावरून येणारा पट्टा व डोक्यामागें टेकू आहे काय, हें हात लावून पाहावें. भरल्या गाडीच्या ठरलेल्या कमाल वजनांतून रिकाम्या गाडीचें वजन वजा केलें म्हणजे माणसें व सामान मिळून किती भार चालेल तें कळतें. एवढी वजाबाकी चौथींतील मूलही करील. आणि तशी गाडी परवडत नसेल, तर दोन खेपा कराव्या. खेपेला डिझेल लागतें एवढेंच.

सांगावयाचें तें एवढेंच कीं, जागा म्हणजे आसन नव्हे. जागा डोळ्यांना दिसते. आसन हें संकटाच्या क्षणीं माणसाला धरून ठेवतें.

पुढल्या चैत्रांत मुलगा, सून, मातोश्री आणि दोन्ही नातवंडें गाडीच्या पांच आसनांवर बसून गेलीं. आम्ही दोघें, भाऊ व भावजय पाटणहून एस्. टी. नें गेलों. डोंगरावर भेट झाली तेव्हां, एका गाडींतून येणें झालें नाहीं म्हणून मीं मातोश्रींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अरे, सगळी धड पोंचलों, म्हणजे एकत्रच आलों कीं."

तीं दोन्ही बाकें आतां आमच्या पडवींत आहेत. त्यांतील एकावर बसून माझी नात रोज संध्याकाळीं गणितें सोडविते. हनुवटीवरचा व्रण आतां पुसट झाला आहे. पण तिची वही तपासतांना माझी नजर आधीं तिकडेच जाते.